मलईबाईंनी पाणी जोखलं

मलईबाईंचं क्रीम आयुष्यात पहिल्यांदा फाटलं ते लेकीच्या घरी, आणि तेही जावयांच्या डोळ्यांदेखत.

ज्या डोंगराळ गावात त्यांनी उभा जन्म काढला, तिथे त्यांचं केस कापायचं आणि चेहऱ्याची निगा राखायचं छोटंसं दुकान होतं. एक मोठा आरसा, दोन खुर्च्या आणि मागे पडद्याआड एक शेगडी. त्या शेगडीवर त्या स्वतः क्रीम बनवायच्या. थंडीने तडकलेले गाल, भेगाळलेल्या टाचा, दाढी करून करून सोललेल्या हनुवट्या, सगळ्यांवर एकच उतारा. गावात त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. मलईबाई म्हटलं की कुणीही दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडायचं. बाईंच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे, आणि बाई तोंडाने नाही नाही म्हणत असल्या तरी मनातून त्यांना ते शंभर टक्के पटलेलं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गावातले चढउतार जमेनासे झाले, तेव्हा लेकीने हट्ट धरून त्यांना शहरात आपल्या घरी आणलं. दुकान दुसऱ्याच्या हवाली करताना बाई रडल्या नाहीत. तेलाच्या बाटल्या, मेणाच्या वड्या, लहान तराजू आणि लाकडी मुठीची फेटणी एवढं मात्र त्यांनी टॉवेलांत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणलं. बाकीचं सामान मागच्या गाडीने आलं.

लेक एका मोठ्या धुलाई केंद्रात कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं असा कपड्यांचा डोंगर तिथे रोज यायचा आणि रोज धुऊन, इस्त्री होऊन परत जायचा. लेकीच्या हाताखाली सगळ्या बायकाच होत्या, आणि एकीचेही हात धड नव्हते. दिवसभर ओलं कापड, साबण आणि गरम हवा. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. लेकीचे हात मलईबाईंनी उलटसुलट करून पाहिले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या अंगात उत्साह संचारला. आल्यापासून नुसतं बसून होत्या बिचाऱ्या, आता हाताला काम मिळालं.

क्रीमचं गणित तसं साधं असतं. तेल आणि पाणी यांचं मुळातच जमत नाही. दोघांना एका भांड्यात नांदवायचं तर मध्ये एक खास मेण लागतं, जे एका हाताने तेलाला धरतं आणि दुसऱ्या हाताने पाण्याला. मलईबाई त्याला मध्यस्थ म्हणायच्या. तेल आणि मध्यस्थ एका भांड्यात तापवायचे, पाणी दुसऱ्या भांड्यात तेवढंच तापवायचं, मग एकात दुसरं ओतत फेटत राहायचं. जुळलं की भांड्यात पांढरीशुभ्र मलई फुलून येते.

त्या दिवशी ती फुललीच नाही. आधी दाटसर काहीतरी जमल्यासारखं वाटलं, आणि बघता बघता त्यात कण धरले, कडेने पाणी सुटलं, वर तेलाचा तवंग आला. बाईंनी फेटणी जोरात फिरवली. जितकं फेटावं तितकं ते जास्त बिनसत गेलं. औषधांच्या दुकानात काम करणारे जावई चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून उभे होते. स्वभावाने सज्जन माणूस, सासूच्या शब्दाबाहेर नाही. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि अतिशय मायेने म्हणाले, की होतं असं कधीकधी.

तेच बाईंना लागलं. कारण त्यांच्या बाबतीत असं कधीकधीसुद्धा होत नव्हतं.

त्यांनी पुन्हा घाट घातला. या वेळी मध्यस्थ थोडा वाढवला, तेव्हा क्रीम दिसायला बरं जमलं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि डब्या भरून लेकीबरोबर धाडल्या. आठवडा उलटायच्या आत डब्यांत पाणी वेगळं, तेल वेगळं, आणि वरून आंबूस वास. कामावरच्या एका बाईने डबी लेकीच्या हातात परत दिली. तक्रार केली नाही, उलट आईंना त्रास देऊ नका म्हणाली. लेक घरी आली तेव्हा तिने ती डबी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. मलईबाईंनी पिशवी आवरताना ती पाहिली, झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा होती तशी ठेवून दिली.

त्यानंतर घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. जावई संध्याकाळी घरी आले की हवापाण्याच्या गप्पा मारता मारता विचारायचे, आई, आज वार कोणता हो? किंवा, सकाळी नाश्त्याला काय होतं आपल्याकडे, माझ्या तर लक्षातच नाही. पहिल्यांदा बाईंना वाटलं, जावयांचीच स्मृती अधू झाली. त्यांना वाईटही वाटलं, एवढा तरुण माणूस. मग एका सुट्टीच्या दुपारी त्या आतल्या खोलीत पडल्या असताना स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं आणि सगळा उलगडा झाला.

लेक म्हणत होती, "माप चुकत असणार तिचं. ग्लिसरीन दोनदा घालत असेल, नाहीतर मेण विसरत असेल. मी विचारलं तर चिडते."

"मग विचारू नकोस," जावई म्हणाले. "फक्त शेगडीपाशी एकटं सोडायचं नाही. मी दुकानातून आल्यावर काय ते करू देत. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून ठेवू, सहज म्हणून."

मलईबाई उताण्या पडून छताकडे बघत राहिल्या. आधी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठावं आणि दोघांची हजेरी घ्यावी असं वाटलं. पण त्या उठल्या नाहीत, कारण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. खरंच मी मेण विसरले असेन का? त्यांनी डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून आठवायला घेतलं. तराजू, तेल, मेण, ग्लिसरीन, पाणी. सगळं जिथल्या तिथे आठवत होतं. पण ज्याला विसर पडतो त्याला आपण विसरलो हे आठवणार तरी कसं? हा विचार आला आणि त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. नवरा गेला तेव्हा त्या खंबीर राहिल्या होत्या, गुडघा कापला तेव्हाही. पण स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला तर माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

काही दिवस त्यांनी फेटणीला हात लावला नाही. जावई वार विचारायचे, त्या मुकाट्याने सांगायच्या. दर वेळी बरोबर सांगायच्या, आणि दर वेळी सांगण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक चोरटा कटाक्ष टाकायच्या.

एका सकाळी लेक डबा घरीच विसरून गेली. (ती विसरली तर विसरली, तिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही, असं बाईंच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.) गुडघा आता बराच सुधारला होता. बाई काठी घेऊन, डबा पिशवीत टाकून निघाल्या आणि विचारत विचारत धुलाई केंद्रावर पोहोचल्या.

आत शिरताच गरम, साबणाच्या वासाची हवा अंगावर आली. एका बाजूला माणूस मावेल एवढ्या तोंडाची यंत्रं गरगर फिरत होती. बायका ओल्या चादरींची टोकं दोघीदोघींनी धरून झटकत होत्या, आणि त्या झटक्याचा फटाक असा आवाज सगळ्या दालनात घुमत होता. लेक गडबडीत होती. आईला पाहून आधी घाबरली, मग डबा पाहून हसली, आणि आलेच म्हणून पुन्हा गेली. बाई कोपऱ्यातल्या इस्त्रीच्या टेबलाजवळ बसल्या. घामाने हात चिकट झाले होते, म्हणून बाजूच्या बेसिनवर धुवायला गेल्या. साबणाची वडी तळव्यावर एकदा फिरवली.

फेसच फेस. दोन्ही हात भरून, मनगटापर्यंत, सायीसारखा.

मलईबाई तशाच उभ्या राहिल्या. असा फेस त्यांनी शहरात आल्यापासून पाहिला नव्हता. लेकीच्या घरी साबण कितीही घासा, हातावर एक राखाडी, चिकटसर थर यायचा आणि धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी व्हायची. त्यांना वाटायचं, शहरातला साबणच भिकार. त्यांनी हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मग वडी उचलून निरखून पाहिली. लेकीच्या घरी होती तीच. लेक इथूनच तर आणायची.

साबण तोच आणि हातही तेच होते. राहता राहिलं ते एकच.

इस्त्रीच्या टेबलामागे एक उंच, हडकुळे गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना इस्त्रीमास्तर म्हणत. चादरी यंत्रांतून जायच्या, पण कोट, झालरीची कापडं आणि नाजूक कपडे मास्तरांच्या हातून. मास्तर माणूसघाणे म्हणून प्रसिद्ध होते. पण एक वयस्क बाई पुन्हा पुन्हा हात धुतेय हे पाहून त्यांनाही राहवलं नाही. काही सांडलं का हातावर, असं त्यांनी विचारलं.

"नाही हो," मलईबाई म्हणाल्या. "इथलं पाणी कुठून येतं?"

पाण्याबद्दल मास्तरांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. शहराचं पाणी जड, ते सांगू लागले. जमिनीखालून येतं, येताना दगडांतला चुना नि काय काय विरघळवून घेऊन येतं. जड पाण्यात साबण फेस द्यायचा सोडून त्या चुन्याशीच गाठ मारून बसतो. म्हणून मागच्या बाजूला एक मोठं यंत्र आहे, ते पाण्यातला चुना काढून घेतं आणि बदल्यात मिठाचा अंश सोडतं. धुण्याला हे हलकं पाणी झकास.

"मग तुमच्या इस्त्रीतही तेच घालता?"

"छे," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलाखालचा पांढरा कॅन पायाने पुढे सरकवला. "मीठ असलं तरी इस्त्रीच्या पोटात काहीतरी बसणारच, आणि मग ती शुभ्र शर्टावर ठिपके थुंकते. इस्त्रीला डिस्टिल्ड. पाणी उकळून त्याची वाफ करायची, आणि ती वाफ गार करून पुन्हा पाणी धरायचं. चुना, मीठ, गंज सगळं मागे राहतं. यात पाण्याशिवाय काही नसतं."

मलईबाई कॅनकडे बघत राहिल्या. पाण्यात पाण्याशिवाय काही असतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या गावी पाणी डोंगरातल्या झऱ्याचं. कठीण कातळावरून घसरत यायचं, अंगाला काही लावून घ्यायचं नाही. हात धुतले की फेस उतरता उतरत नसे. ते पाणी त्यांनी आयुष्यभर भांड्यात ओतलं आणि त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. तेल कुठलं, मेण कुठलं, यावर मात्र व्यापाऱ्यांशी वाद घालायच्या.

आणि मध्यस्थ? तोही साबणाच्याच जातीचा. पाण्याला धरायचा त्याचा जो हात, तो चुन्यानेच पकडून ठेवल्यावर बिचारा तेलपाण्याची सोयरीक जुळवणार कशी?

घरी परत जाताना त्यांनी काठी टेकली की नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी जावई आले, कपडे बदलून बसले आणि त्यांनी गप्पांच्या ओघात तोंड उघडलं. त्यांनी वार विचारायच्या आत मलईबाईंनीच विषय काढला.

"जावईबापू, मला विसर पडतोय असं तुम्हाला वाटतं. लाजू नका, मी ऐकलंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तर आता आपण नीटच बघू. सुट्टीच्या दिवशी क्रीम तुम्ही करायचं. मापं माझी लेक घेईल. मी लांब खुर्चीवर बसेन आणि कशालाही बोट लावणार नाही."

जावई ओशाळले. तसं काही नाही, तुमच्या काळजीपोटी, असं काहीबाही पुटपुटले. लेक भाजी ढवळता ढवळता पाठमोरीच थांबली. पण बाई ऐकणाऱ्या नव्हत्या. घरातल्या नळाचं एक, तेच उकळून गार केलेलं एक, दुकानातल्या बाटलीबंद मिनरल वॉटरचं एक, गुलाबपाण्याचं एक आणि डिस्टिल्ड वॉटरचं एक, अशी वेगवेगळी क्रीमं करायची. बाकी तेल, मेण, ग्लिसरीन, ताप, फेटणं, सगळ्यात तसूभर फरक नको. इस्त्रीमास्तर कॅनमधलं पाणी द्यायला तयार आहेत, असंही त्या म्हणाल्या.

इथे मात्र जावई सरसावून बसले. "इस्त्रीचं पाणी नको, आई. ते यंत्रासाठी असतं. चुना नसेल त्यात, पण कॅन किती दिवस उघडा आहे, त्यात काय पडलंय कोण बघतो? अंगाला लावायचं तर सीलबंद बाटली हवी. मी आणतो दुकानातून. आणि पाणी कितीही शुद्ध असलं तरी क्रीम नासू नये म्हणून घालायचं औषध लागेलच. तुमच्या गावात थंडी होती, डबी आठवड्यात संपत होती, म्हणून निभावलं."

बाईंना ते पटलं. पण लगेच मान डोलावण्याऐवजी त्या म्हणाल्या, तेही बघूच. डिस्टिल्डच्या क्रीमची एक डबी औषधाशिवाय ठेवू.

सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. जावयांनी भांडी उकळून घेतली, हात कोपरापर्यंत धुतले आणि लेकीचा एप्रन बांधला. औषधं मोजायची सवय असल्याने माणूस मापाला पक्का होता. लेक तराजूचा काटा मोठ्याने वाचत होती. मलईबाई दारातल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या. त्यांना गप्प बसणं किती जड जात होतं हे त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून दिसत होतं. तो सारखा ताल धरत होता.

पहिलं क्रीम नळाच्या पाण्याचं. जावयांनी तेल तापवलं, पाणी तापवलं, एकात दुसरं सोडलं आणि फेटायला लागले. आधी दाटसर काहीतरी जमलं. जावई लेकीकडे बघून हलकेच हसले. आणि मग भांड्यात कण धरले. कडेने पाणी सुटलं. जावयांनी फेटणी जोरात फिरवली. वर तेलाचा तवंग आला. जितकं फेटावं तितकं ते बिनसत गेलं. जावयांच्या कपाळावर घाम जमला.

लेकीने भांडं वाकवून पाहिलं.

मग मलईबाई अतिशय मायेने म्हणाल्या, "होतं असं कधीकधी." आणि थोडं थांबून, "आज वार कोणता हो, जावईबापू?"

लेकीला आधी हसू फुटलं. मग ते आवरेना, तिने तराजू खाली ठेवला आणि ओट्यावर डोकं टेकून हसत राहिली. जावई हातात फेटणी धरून तसेच उभे. त्यांनी भांड्यात पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि तेही हसायला लागले. हसता हसताच त्यांनी सासूपुढे दोन्ही कान पकडले.

पण खेळ अजून संपला नव्हता. उकळलेल्या पाण्याचं क्रीम सकाळी बरं दिसलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला पाणी सुटलं. उकळल्याने जंतू मेले होते, थोडा चुनाही भांड्याच्या तळाला पांढरा थर होऊन बसला होता, पण पाण्याची सगळी खोड काही गेली नव्हती. मिनरल वॉटरचं क्रीम बोटावर घेतलं तर रव्यासारखं खरखरीत. लेकीला याचं नवल वाटलं, महागडी बाटली होती ती. जावयांनी बाटली फिरवून तिच्यावरचं बारीक छापलेलं वाचून दाखवलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं होतं. प्यायला चांगलं, म्हणाले, पण आपण ज्याच्यापासून पळतोय तेच यात मुद्दाम ठेवलंय.

गुलाबपाण्याचं मात्र असं काही सुरेख जमलं की लेक तिथल्या तिथे त्याच्या प्रेमात पडली. घरभर दरवळ. मलईबाईंनाही वाटलं, हेच खरं. पण काही दिवस गेले आणि औषध घातलेलं असूनही त्या डबीत झाकणाच्या आतून काळे ठिपके दिसले. फुलांचा अर्क म्हणजे नुसतं पाणी नव्हे, जावई म्हणाले, त्यात बुरशीच्या तोंडी लागेल असंही पुष्कळ असतं. नेहमीचं औषध तिथे कमी पडतं.

आणि डिस्टिल्ड वॉटरचं क्रीम? ते भांड्यातच ओळखू आलं. फेटणीच्या चौथ्या-पाचव्या फेऱ्यालाच रंग पालटला, पातळ पिवळसर द्रव पांढरा व्हायला लागला, आणि मग ती ओळखीची मऊ शिखरं उभी राहिली. मलईबाई खुर्चीवरून उठल्या. वचन दिलं होतं म्हणून बोट लावलं नाही. पण भांड्यावर वाकून त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं. त्या डबीला पुढेही काही झालं नाही. औषधाशिवाय ठेवलेली तिची जोडीदारीण मात्र काही दिवसांनी आंबली, आणि जावयांनी ती सासूपुढे अशा थाटात आणून ठेवली, की एक डाव त्यांचाही झाला हे बाईंनी मान्य करून टाकलं.

एवढं सगळं जिंकल्यावर माणसाने खूश असावं. मलईबाई होत्याही. पण डिस्टिल्डची ती डबी हातात घेऊन बसल्या असताना त्यांच्या मनात एक बारीक कुसळ सलायला लागलं. जावयांनी जन्मात कधी क्रीम केलं नव्हतं, आणि पाणी चांगलं मिळाल्याबरोबर त्यांचंही जमलं. मग गावाने इतकी वर्षं ज्याला आपल्या हाताचा गुण म्हटलं, तो त्या झऱ्याचाच होता की काय?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायच्या ऐवजी सीलबंद बाटली फोडली, टॉवेलातून आपली फेटणी काढली आणि स्वतः क्रीमला बसल्या. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. शेगडीपाशी एकट्याच होत्या. तेलाचा आणि पाण्याचा ताप त्यांनी भांड्याच्या बाहेरून हाताने जोखला. पाणी धारेने न ओतता थेंबाथेंबाने सुरुवात केली, मग सूत, मग धार. क्रीम गार होत आलं तरी फेटणी थांबवली नाही, फक्त मंद केली. लोक इथेच घाई करतात. गार होईपर्यंत जो सोबत बसतो त्याचं क्रीम रेशमी होतं, आणि ही सोबत त्यांनी पडद्यामागच्या शेगडीपाशी वर्षानुवर्षं केलेली होती.

जावयांची एक आणि आपली एक, अशा दोन डब्या घेऊन त्या धुलाई केंद्रावर गेल्या. कुठली कुणाची हे सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बायका कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर बसल्या होत्या. बाईंनी सगळ्यांना आधी हात धुऊन, नीट पुसून यायला लावलं. मग प्रत्येकीच्या उजव्या हातावर एका डबीतलं, डाव्यावर दुसऱ्या डबीतलं.

आधी सगळ्यांनी हात लांबच धरले, कारण मागचा अनुभव आंबट होता. मग एक जण डावा हात नाकाशी नेत म्हणाली, हे आत शिरलं बघा. दुसरीने उजव्या हाताचा चिकटपणा अंगठ्याने चाचपला आणि डाव्यावरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिली. हळूहळू खोलीभर डावे हात वर झाले. उजव्याला कुणी नावं ठेवली नाहीत, ते चांगलंच आहे म्हणाल्या. पण डावं म्हणजे, एक जण शब्द शोधत म्हणाली, डावं म्हणजे नुसती मलई.

लेक दारात उभी होती. डावी डबी कुणाची हे तिला विचारायची गरज पडली नाही. तिने लहानपणापासून त्या शिखरांत बोट बुडवून मार खाल्ला होता.

इस्त्रीमास्तर कधी येऊन लेकीच्या मागे उभे राहिले ते कुणाला कळलं नाही. वाफेने त्यांची बोटं कायमची कोरडी. मलईबाईंनी त्यांना आत बोलावलं, तर ते नको नको करत राहिले, आणि शेवटी दाराच्या फटीतून नुसता एक हात आत आला. डावा. बायकांनी खोली डोक्यावर घेतली.

घरी जाताना मायलेकी बसमध्ये शेजारी बसल्या.

"आई, मला वाटलं होतं..." ती म्हणू लागली.

"मलाही वाटलं होतं," मलईबाई म्हणाल्या. "फार घाबरले होते गं."

लेकीने आईचा हात हातात घेतला. दोघींच्याही हातांना क्रीम लागलेलं, त्यामुळे पकड सुटायला लागली, म्हणून तिने बोटांत बोटं गुंफली. बस वळणावर झुकली. मलईबाईंनी दुसऱ्या हाताने काठी सावरली आणि सांगायला सुरुवात केली, की ओट्याखालचं कपाट उद्या रिकामं करून हवं, भांडी काचेची लागतील, आणि जावईबापूंना म्हणावं, यापुढे बाटल्या खोक्याने आणा. कामावरच्या बायकांना नुसत्या डब्या नकोत, त्यांना करायला शिकायचंय. पुढच्या सुट्टीला सगळ्या घरी येणार आहेत.

"सगळ्या?" लेकीने विचारलं.

"सगळ्या," मलईबाई म्हणाल्या. "आणि मास्तर."